टेक्सासचा कागदावरचा महामार्ग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत क्षेत्रफळाने दुसऱ्या क्रमांकाचे राज्य म्हणजे टेक्सास. आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहूनही हे राज्य मोठे आहे. या राज्यात २००२ साली एक प्रचंड महामार्ग बांधण्याची घोषणा झाली. त्याचे नाव 'ट्रान्स-टेक्सास कॉरिडॉर'. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे, एकमेकांना छेदणारे, सुमारे ४,००० मैल लांबीचे हे जाळे पन्नास वर्षांत पुरे व्हावयाचे होते आणि त्याचा खर्च प्रवाशांकडून घेतल्या जाणाऱ्या पथकरातून, म्हणजे ज्याला आता सर्वत्र टोल म्हणतात त्यातून, निघावयाचा होता. पुढे नऊ वर्षांनी, २०११ साली, ज्या कायद्याने या महामार्गाला जन्म दिला होता तो कायदाच विधिमंडळाने पुसून टाकला. मधल्या काळात नकाशे निघाले, करार झाले, शेकडो सभा झाल्या, निवडणुकीत त्यावरून भांडणे झाली. परंतु या नावाचा रस्ता काही झाला नाही. तो का योजला गेला आणि का झाला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. रस्त्यासाठी जमीन देण्याचा आणि रस्त्यावरून जाण्याचे पैसे देण्याचा प्रश्न आता जगात कोणत्याही प्रदेशाला परका राहिलेला नाही.

प्रथम गरजेविषयी. टेक्सासची दक्षिण सीमा मेक्सिकोला भिडलेली आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला आणि सीमेवरील लॅरेडो या गावातून मालमोटारींची रीघ लागली. लॅरेडोहून निघणारा 'इंटरस्टेट ३५' हा महामार्ग सॅन अँटोनियो, ऑस्टिन, वेको, डॅलस अशा मोठमोठ्या शहरांच्या मधोमध जातो. म्हणजे मेक्सिकोतून उत्तरेकडे जाणारा माल आणि ऑस्टिनमधील कारकून कचेरीला जाताना ज्या मोटारीत बसतो ती मोटार, ही दोन्ही एकाच रस्त्यावर. राज्याची लोकसंख्याही झपाट्याने वाढत होती. २००० सालच्या शिरगणतीत ती दोन कोटी आठ लाखांच्या घरात होती. २०१० साली ती अडीच कोटींच्या पुढे गेली. रस्ता अपुरा पडत होता ही गोष्ट कोणीच नाकारीत नव्हते.

मग पैसे कोठून आणावयाचे? अमेरिकेत रस्त्यांचा खर्च मुख्यतः मोटारीच्या इंधनावरील करातून भागवला जातो. टेक्सास राज्याचा हा कर दर गॅलनला २० सेंट असा १९९१ साली ठरला आणि तो तेथेच राहिला. या कराची एक गोम लक्षात घेतली पाहिजे. तो किमतीवर नसून मापावर आहे. पेट्रोल महाग झाले म्हणून तो वाढत नाही. उलट मोटारी कमी इंधनात अधिक धावू लागल्या की मैलामागे मिळणारा कर घटतो. इकडे खडी, डांबर, सिमेंट, मजुरी यांचे भाव मात्र दरसाल चढत असतात. शिवाय टेक्सासच्या राज्यघटनेप्रमाणे या उत्पन्नातील चौथा हिस्सा शाळांकडे जातो. (हा हिस्सा शाळांकडून काढून घ्यावा असे म्हणण्याची हिंमत सहसा कोणी पुढारी करीत नाही, हे त्या राज्याला भूषणावहच म्हटले पाहिजे.) करवाढ करणे हे मते गमावण्याचे काम. तेव्हा कर न वाढवता रस्ते बांधण्याचा उपाय म्हणून पथकराकडे लक्ष गेले.

टेक्सासला पथकर नवा नव्हता. डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांमधील सुमारे तीस मैलांचा रस्ता १९५७ साली पथकरावर सुरू झाला होता. कर्जरोखे काढून तो बांधला गेला. कर्ज फिटले तेव्हा, १९७७ साल संपताना, नाके उठवण्यात आले आणि रस्ता सर्वांना मोकळा झाला. जुन्या माणसांच्या मनात पथकराची कल्पना ही अशी होती: कर्ज फिटेपर्यंत नाका, मग नाही. नव्या योजनेतील पथकर या जातीचा नव्हता, आणि लोकांना खटकलेल्या गोष्टींपैकी ही एक होती.

त्या वेळी रिक पेरी हे राज्याचे गव्हर्नर होते. जानेवारी २००२ मध्ये त्यांनी ही कल्पना जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये राज्याच्या परिवहन खात्याने तिचा आराखडा प्रसिद्ध केला. पेरी यांचे जुने स्नेही आणि परिवहन आयोगाचे सदस्य, पुढे अध्यक्ष झालेले, रिक विल्यमसन हे तिचे खंदे पुरस्कर्ते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, लोकांनी एकतर पथकराचे रस्ते घ्यावेत, नाहीतर मंदगतीचे रस्ते सोसावेत, नाहीतर रस्त्यांवाचून राहावे.

या आराखड्यातील चित्र डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढील वाद समजणार नाही. हा नुसता रस्ता नव्हता, तो एक पट्टा होता. त्याची रुंदी १,२०० फूट. मोटारींसाठी जाणाऱ्या तीन व येणाऱ्या तीन अशा सहा मार्गिका. मालमोटारींसाठी वेगळ्या चार. त्यांच्या शेजारून आगगाडीचे सहा रूळमार्ग: दोन अतिवेगवान गाड्यांसाठी, दोन जवळपासच्या प्रवासी गाड्यांसाठी व दोन मालगाड्यांसाठी. आणि त्याही पलीकडे दोनशे फुटांची एक वेगळी पट्टी, जिच्यातून पाण्याचे, तेलाचे व वायूचे नळ, विजेच्या तारा आणि संदेशवहनाच्या तारा जाव्यात. एकदा जमीन घेतली की शंभर वर्षे पुन्हा कोणाच्या दारात जावयाला नको, असा हिशेब त्यामागे असावा. अभियंत्याच्या दृष्टीने तो हिशेब मोठा नेटका होता. खर्चाचा अंदाज १४,५०० कोटी ते १८,४०० कोटी डॉलर.

आता शाळेतल्या मुलाप्रमाणे एक लहानसे गणित करून पाहावे. १,२०० फूट रुंद आणि एक मैल, म्हणजे ५,२८० फूट, लांब अशा पट्ट्याचे क्षेत्रफळ ६३ लाख ३६ हजार चौरस फूट होते. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. भागाकार केला म्हणजे दर मैलाला एकशे पंचेचाळीस एकरांहून किंचित अधिक जमीन लागते असे दिसेल. चार हजार मैलांना ती ५ लाख ८० हजार एकरांच्या वर जाते. गोव्याचे एकंदर क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. त्याचे पाच भाग केले तर तीन भागांहून अधिक जमीन एवढ्या एका योजनेत गेली असती. टेक्सास विस्ताराने अफाट आहे, तेथे एवढी जमीन म्हणजे काय मोठेसे, असे दुरून वाटते. पण टेक्सासमधील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. सरकारी पडीक रानातून रस्ता न्यावा, अशी सोय तेथे जवळजवळ नाहीच. प्रत्येक मैलाला कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी कुरण.

टेक्सासचे विधिमंडळ दर वर्षी बसत नाही. दोन वर्षांतून एकदा, विषम सालाच्या आरंभी, १४० दिवस बसते आणि उठते. २००३ च्या बैठकीत या महामार्गाला अधिकार देणारा मोठा कायदा मंजूर झाला, आणि फारसा कोणाचा विरोध न होता मंजूर झाला. त्यात अनेक विषय एकत्र गुंफलेले होते. पट्ट्यासाठी जमीन सक्तीने घेण्याचे अधिकार त्यात होते. भरपाईचा वाद मिटण्यापूर्वी ताबा घेण्याची तरतूद होती. खासगी मंडळ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करण्याची मुभा होती. आणि पट्ट्याच्या आत उपाहारगृहे, पेट्रोलची दुकाने अशा सोयींसाठीही जमीन वापरता येईल असे कलम होते. पुढे ज्या सभासदांनी कंठरवाने विरोध केला त्यांपैकी कित्येकांनी त्या वेळी हात वर केले होते, ही गोष्ट त्यांच्या मतदारांनी त्यांना वारंवार ऐकवली.

पहिला मोठा करार डिसेंबर २००४ मध्ये ठरला. इंटरस्टेट ३५ ला समांतर जाणाऱ्या शाखेसाठी स्पेनमधील सिंट्रा ही मंडळी आणि सॅन अँटोनियोची झॅकरी ही बांधकाम संस्था यांच्या संयुक्त प्रस्तावाची निवड झाली. मार्च २००५ मध्ये सह्या झाल्या. डॅलसपासून सॅन अँटोनियोपर्यंतच्या ३१६ मैलांसाठी या संस्थांनी ६०० कोटी डॉलर स्वतः गुंतवावयाचे आणि शिवाय १२० कोटी डॉलर राज्याला रोख द्यावयाचे, असा तो प्रस्ताव होता. मोबदल्यात पन्नास वर्षे पथकर वसूल करण्याचा हक्क.

अशा कराराला मक्ता म्हणावे. जमीन सरकारच्या नावावर राहते. रस्ता मक्तेदार बांधतो, राखतो आणि मुदतभर उत्पन्न घेतो. सरकारला ताबडतोब पैसा मिळतो व कर्ज काढावे लागत नाही. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. मक्तेदाराचे उत्पन्न रस्त्यावर किती मोटारी येतात यावर अवलंबून. शेजारचा फुकटचा रस्ता सरकारने रुंद केला तर त्याचे गिऱ्हाईक कमी होणार. म्हणून अशा करारांत बहुधा असे कलम असते की सरकारने जवळपास नवा रस्ता बांधून मक्तेदाराचे नुकसान केले तर त्याने ते भरून द्यावे. म्हणजे ज्या सरकारने रस्त्यांवरील गर्दी कमी करावयाची, त्याच सरकारला जुन्या रस्त्यावरील गर्दी कमी न करण्यात फायदा दिसू लागतो. ही विसंगती सामान्य शेतकऱ्याच्याही चटकन ध्यानात आली. तिला अर्थशास्त्राच्या पदवीची जरुरी नव्हती.

करारावर सह्या करणारी बाजू ऑस्टिनमध्ये होती. ज्यांच्या जमिनीवरून रेघ जावयाची होती ते शेकडो मैलांच्या टापूत पसरलेले होते. ही जमीन कोणत्या प्रकारची होती? डॅलसपासून सॅन अँटोनियोपर्यंत इंटरस्टेट ३५ च्या पूर्वेस काळ्या मातीचा एक लांब पट्टा आहे. त्याला तेथे 'ब्लॅकलँड प्रेअरी' म्हणतात. ही माती आपल्या वाचकांना अपरिचित नाही. बेळगावच्या पूर्वेकडे किंवा माळव्यात जी काळी कपाशीची जमीन आहे, तिचीच ही बहीण. मृदाशास्त्रज्ञ दोघींना एकाच वर्गात घालतात. पावसात फुगते, पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ओल धरून ठेवण्याच्या गुणामुळे कपाशी, मका, ज्वारी तिच्यात उत्तम येतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आणि बोहेमियाहून आलेल्या झेक कुटुंबांनी या मातीत गावे वसवली. देवळे बांधली, दफनभूमी केल्या. चार-चार, पाच-पाच पिढ्या एकाच शिवारात झालेली घराणी तेथे आहेत. रस्ता नेण्यास सपाट आणि झाडे नसलेली म्हणून अभियंत्यांना जी जमीन सोयीची वाटली, ती राज्यातील सर्वांत कसदार जमिनींपैकी होती.

शेतकऱ्याच्या तक्रारीत केवळ जमीन जाण्याचे दुःख नव्हते. जमीन जाते तिची भरपाई मिळते. कमी मिळाली तर न्यायालय आहे. खरी अडचण उरलेल्या जमिनीची. पाव मैल रुंदीचा कुंपण घातलेला पट्टा शेताच्या मधून गेला, तर घर एका बाजूला आणि कुरण दुसऱ्या बाजूला राहते. पलीकडे जाण्यासाठी पूल कोठे असेल? तो पाच मैलांवर असेल तर ट्रॅक्टर रोज दहा मैल हाकावयाचा काय? गुरांना पाणी कोठे पाजावयाचे? शाळेची बस, आग विझवणारी गाडी, रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येणार? आराखड्यातील जोडण्या प्रमुख महामार्गांपाशी होत्या. लहानसहान गावरस्त्यांचे काय होणार, याचे उत्तर खात्याचे अधिकारी प्रारंभी 'ते पुढे ठरेल' असे देत. आणि ज्या गावांचे जीवन जुन्या हमरस्त्यावरील चार दुकानांवर चालते, त्यांच्या जवळून हा पट्टा न थांबता जाणार, पट्ट्यातील दुकाने मात्र मक्तेदाराच्या व्यवस्थेत चालणार.

याहूनही एक सूक्ष्म पीडा होती, आणि तिची चर्चा वर्तमानपत्रांत त्या मानाने कमी झाली. पर्यावरणाच्या अभ्यासासाठी एप्रिल २००६ मध्ये जो अहवाल निघाला त्यात रस्त्याची नेमकी रेघ नव्हती. सुमारे दहा मैल रुंदीचा एक पट्टा नकाशावर दाखवलेला होता आणि त्यात कोठेतरी पाव मैलाचा मार्ग येणार होता. म्हणजे चाळीस जणांपैकी एकाची जमीन जावयाची, पण चाळीसही जण टांगलेले. अशी जमीन विकावयास काढली तर गिऱ्हाईक घासाघीस करते. मुलाला शेजारी घर बांधून द्यावे तर ते उभे राहील की नाही याची शाश्वती नाही. नवी विहीर, नवे कोठार, फळझाडांची लागवड, सारे 'पुढे पाहू' या सदरात. जमीन न घेताही अशी एक प्रकारची जप्तीच होत होती, आणि तिला भरपाई नव्हती.

याच सुमारास, जून २००५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कनेक्टिकटमधील न्यू लंडन या शहराच्या खटल्यात असा निर्णय दिला होता की आर्थिक विकासासाठी एकाचे घर घेऊन ती जागा खासगी विकासाच्या कामी लावणे घटनेला धरून आहे. त्या निर्णयाने साऱ्या देशात खळबळ उडाली. टेक्सासच्या विधिमंडळाने त्याच वर्षी त्याला काही बांध घातला खरा. पण महामार्गाच्या पट्ट्याविषयीचा संशय त्याने गेला नाही.

संशयाला खतपाणी सरकारनेच घातले असे म्हणावे लागते. सिंट्रा-झॅकरी यांच्या करारातील आर्थिक भाग व्यापारी गुपित म्हणून दाबून ठेवण्यात आला. ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्राने तो मागितला, राज्याच्या महान्यायप्रतिनिधींनी तो उघड करावा असे मत दिले, तरीही ते मत मान्य न करता खाते न्यायालयात गेले. शेवटी सप्टेंबर २००६ मध्ये ते कागद बाहेर आले. त्यात काही भयंकर सापडले असे नाही. परंतु दीड वर्ष झाकून ठेवलेल्या पेटीत काहीतरी असलेच पाहिजे, असे लोक धरून चालले होते. या महामार्गाने तिन्ही देश एक करून टाकण्याचा गुप्त कट आहे, येथपर्यंत अफवा गेल्या. त्यांना काडीचा आधार नव्हता. तथापि पन्नास वर्षांचा करार लोकांना न दाखवणाऱ्या खात्याने अफवांविषयी तक्रार करावी हे शोभत नाही.

२००६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये खात्याने उत्तर सीमेवरील गेन्सव्हिलपासून लॅरेडोपर्यंत ५४ जाहीर सुनावण्या घेतल्या. शाळांची सभागृहे, व्यायामशाळा, जत्रेच्या जागा, जेथे जमेल तेथे. लोक शेकड्यांनी आले. एकेकाला तीन-तीन मिनिटे बोलावयाची मुभा. विशेष म्हणजे विरोधकांत नेहमीच्या तटबंदीचा मागमूस नव्हता. सरकारने खासगी मालमत्तेला हात लावू नये असे मानणारे कट्टर पुराणमतवादी आणि पर्यावरणाची काळजी वाहणारे उदारमतवादी एकाच बाकावर बसले. टेक्सासच्या शेतकरी संघाने विरोध केला. खुद्द गव्हर्नरांच्या रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात योजनेविरुद्ध कलम घातले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील निवडणुकीत पेरी निवडून आले, परंतु चौरंगी लढतीत त्यांना मिळालेली मते शेकडा ३९ होती, आणि त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी या महामार्गालाच प्रचाराचा मुख्य विषय केले होते.

२ मार्च हा टेक्सासचा स्वातंत्र्यदिन. १८३६ साली त्या दिवशी टेक्सासने मेक्सिकोपासून आपण स्वतंत्र झाल्याचे घोषित केले. २००७ च्या त्या दिवशी ऑस्टिनच्या राजरस्त्यावरून ट्रॅक्टर व घोडेस्वार यांसह शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळाच्या घुमटाखाली गेला. त्या वेळी विधिमंडळ बसलेले होते. खासगी पथकराचे करार दोन वर्षे थांबवण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमताने मंजूर झाले. मे महिन्यात गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. तडजोड होऊन दुसरे विधेयक आले आणि जूनमध्ये त्यावर त्यांनी सही केली. काही मार्गांना सूट मिळाली, परंतु काळ्या मातीतील महामार्गाचे पाऊल तेथे अडखळले ते अडखळलेच.

मोर्चे पुष्कळ निघतात. या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट मोर्चाहून साधी आहे. बेल काउंटीच्या परिसरात हॉलंड, बार्टलेट, रॉजर्स आणि लिटल रिव्हर-अकॅडेमी अशी चार गावे आहेत. एकेका गावाची वस्ती हजार ते पावणेदोन हजार. राज्याच्या स्थानिक कारभाराच्या कायद्यात एक जुने कलम असे होते की शेजारच्या गावांना एकत्र येऊन प्रादेशिक नियोजन मंडळ स्थापता येते आणि असे मंडळ झाले म्हणजे राज्याच्या खात्यांनी आपल्या योजनांचा शक्य तितका मेळ त्याच्याशी घातला पाहिजे. या चार गावांनी २००७ साली त्याचा आधार घेऊन स्वतःचे मंडळ काढले आणि परिवहन खात्याला पत्र लिहिले की, आम्हीही आता नियोजन करणारी अधिकृत संस्था आहोत, तरी आपली योजना आमच्या शाळा, पाणीपुरवठा, अग्निशमन व शेती यांच्याशी कशी जुळते ते येऊन सांगावे. मग खात्याच्या अधिकाऱ्यांना एका लहानशा गावात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. सुनावणीत नागरिक तीन मिनिटे बोलतो आणि अधिकारी मुकाट्याने टिपून घेतो. येथे विचारणारा गावचा प्रमुख होता आणि उत्तर देणे हे खात्याचे कर्तव्य होते. या मंडळाने एकट्याने महामार्ग थांबवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याच्या हरकती सरकारी दप्तरात अधिकृत म्हणून नोंदल्या गेल्या, आणि त्याचे पाहून राज्यात इतरत्रही अशी मंडळे निघाली.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. रिक विल्यमसन यांचे डिसेंबर २००७ मध्ये हृदयविकाराने निधन झाले. पूर्वेकडील दुसरी शाखा शक्यतो जुन्याच रस्त्यांवरून नेऊ, असे खात्याने जून २००८ मध्ये जाहीर केले. ६ जानेवारी २००९ रोजी खात्याचे कार्यकारी संचालक अमाडेओ सायन्झ यांनी ऑस्टिन येथील परिषदेत सांगितले की ट्रान्स-टेक्सास कॉरिडॉर ही योजना आता राहिलेली नाही. जे रस्ते होतील ते वेगवेगळे आणि कमी रुंदीचे होतील. इंटरस्टेट ३५ च्या समांतर शाखेबाबत 'काहीही न बांधणे' हाच पर्याय घ्यावा अशी शिफारस त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली आणि २०१० साली मध्यवर्ती सरकारच्या महामार्ग खात्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०११ च्या बैठकीत लोइस कोलखॉर्स्ट यांनी आणलेल्या विधेयकाने कायद्यातून ते नावच निघाले.

सरकारची सारीच चूक होती काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मालमोटारी शहरांतून बाहेर काढाव्यात, आगगाडीला पुन्हा जागा द्यावी, पाण्याचे व विजेचे मार्ग एकत्र न्यावेत, हे विचार वाईट नव्हते. महामार्ग झाला नाही म्हणून ऑस्टिनमधील गर्दी कमी झाली नाही, ती वाढली. चूक पद्धतीत होती. पन्नास वर्षांची गरज एका घोषणेत बसवली, तिला १,२०० फुटांचे एकच माप लावले, मोबदल्याचा करार आधी केला आणि ज्यांच्या दारातून रस्ता जावयाचा त्यांना सर्वांच्या शेवटी विचारले.

या योजनेचा एकच तुकडा, तोही निराळ्या नावाने, प्रत्यक्षात उतरला. ऑस्टिनच्या पूर्वेकडून जाणाऱ्या राज्य महामार्ग १३० चा दक्षिणेकडील ४१ मैलांचा भाग सिंट्रा-झॅकरी यांनीच बांधला आणि तो ऑक्टोबर २०१२ मध्ये खुला झाला. त्यावर ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर, एवढ्या वेगाची परवानगी देण्यात आली. अमेरिकेत इतकी वेगमर्यादा दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावर नव्हती. एवढ्या वेगाला परवानगी दिली तर राज्याला मक्तेदाराकडून १० कोटी डॉलर मिळावयाचे असे करारात होते. उद्घाटनाच्या पहिल्याच रात्री रानडुकरे आडवी येऊन मोटारींचे अपघात झाले. मालमोटारवाले तर पथकर वाचवण्यासाठी गर्दीच्या जुन्या रस्त्यानेच जात राहिले. अपेक्षेइतक्या मोटारी आल्या नाहीत, आणि त्या फुगणाऱ्या काळ्या मातीनेही आपला गुण दाखवला: काही ठिकाणी रस्त्याचा पृष्ठभाग उचलला जाऊन दुरुस्तीचा खर्च वाढला. मार्च २०१६ मध्ये मक्तेदार कंपनीने नादारीचा अर्ज केला व पुढील वर्षी रस्त्याची सूत्रे धनकोंच्या हाती गेली.

इकडे पूर्वेकडील शाखेऐवजी जुने हमरस्ते थोडेथोडे सुधारून त्यांना इंटरस्टेट ६९ हे नाव देण्याचे काम २०११ पासून तुकड्यातुकड्यांनी चालू झाले. पैशाचा प्रश्नही शेवटी मतदारांपुढे सरळ मांडावा लागला. तेल व वायूच्या करातील काही भाग रस्त्यांकडे वळवण्याची घटनादुरुस्ती २०१४ साली, आणि विक्रीकरातील काही भाग वळवण्याची २०१५ साली, शेकडा ऐंशीच्या आसपास मतांनी मंजूर झाली. दोन्ही दुरुस्त्यांत हा पैसा पथकराच्या रस्त्यांवर खर्च करू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे. गॅलनमागील २० सेंटांचा कर मात्र १९९१ साली होता तेवढाच आहे.